भिंतीवरचा मॅक्सवेल

रविवारी सकाळी बाई टॅक्सीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत तपकिरी कागदात गुंडाळलेला एक मोठा सपाट गठ्ठा होता आणि चेहऱ्यावर लढाईला निघालेल्या माणसाचा उत्साह. टॅक्सीवाल्याने मदत करतो म्हटलं, तर मागच्या बाकावर बडबडणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं. गठ्ठ्यात मॅक्सवेल होता. तो दुसऱ्या कुणाच्या हाती देणं त्यांना जमणारं नव्हतं.

दोन कामं एकाच फेरीत उरकायची होती. पहिलं, उद्या शाळेच्या नव्या प्रयोगशाळेत लागणारा हा मोठा फोटो घरच्यांना दाखवायचा आणि जमेल तेवढी वाहवा घ्यायची. दुसरं, भिंगरीला दूरच्या विद्यापीठात संशोधनाला जाऊ दे, हे तिच्या बापाच्या गळी उतरवायचं. पहिलं सोपं होतं. दुसऱ्यासाठी बाई आठवडाभर मनात भाषणं जुळवत होत्या, कारण भिंगरी मुलाखत देऊन परतल्यापासून धाकट्याने 'नाही' सोडून दुसरा शब्द उच्चारला नव्हता, आणि होकार कळवायची मुदत उद्या संपत होती.

धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी या घरात तो शेवटपर्यंत धाकटाच राहणार होता. बाईंना मात्र सगळा गाव बाई म्हणे. पदार्थविज्ञान शिकवून शिकवून ते नाव असं चिकटलं होतं की डॉक्टरसुद्धा नाडी बघताना उभा राहायच्या बेतात असायचा. ताई म्हणणारे धाकटा आणि त्याची बायको, आत्या म्हणणारी एकटी भिंगरी, आणि पोरी म्हणणारे वर खिडकीशी बसलेले नव्वदीतले बाबा.

बाई आता शाळेजवळ राहत, पण घर म्हणजे हेच. त्याचा तळमजला म्हणजे काचेचा कारखाना. कारखाना हा शब्द जरा मोठाच, कारण आत तीन टेबलं, तीन बर्नर, एक लेथ आणि मागे काच सावकाश निववायची भट्टी, एवढाच पसारा. पण इथे फुंकलेले चंबू आणि नळ्या कितीतरी प्रयोगशाळांत उकळत होत्या. बाई दार ढकलून आत आल्या आणि तिथेच थबकल्या. धाकटा टेबलाशी होता. डोळ्यांवर गुलाबी झाकेचा चष्मा, समोर निळी ज्योत, ज्योतीत नळी, आणि नळी दोन्ही हातांत अखंड फिरतेय.

या घरात एक नियम होता. ज्याच्या हातात तापलेली काच, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि त्यानेही बोलायचं नाही. तो बाबांनी घालून दिला होता, आणि तो न पाळल्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाच्या बोटांवर होत्या. त्याचा एक आडफायदा धाकट्याने लग्नानंतर लगेच शोधून काढला. घरात नको तो विषय निघाला की तो खाली येऊन बर्नर पेटवी. भावजय म्हणायची, "आमच्याकडे निम्मी भांडणं भट्टीत जातात."

बाई गठ्ठा भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या आणि सवयीने वर बघितलं. बर्नरच्या वर, काजळी पोचणार नाही अशा उंचीवर, तीन फोटो होते. बाबांनी ते एका बंद पडलेल्या कॉलेजच्या लिलावातून आणले होते. घरातलं पोर जरा कळतं झालं की त्याने तिघांतलं एक माणूस आपलं म्हणून निवडायचं, अशी पुढे पद्धतच पडली. निवडलं की त्याचं चरित्र तोंडपाठ पाहिजे, आणि वाद झाला की त्याची साक्ष काढता आली पाहिजे. धाकट्याने फॅरडे निवडला होता. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, गणित यथातथाच आणि हात सोन्याचे. भिंगरीने लहानपणीच मेरी क्युरी घेतली, का तर "ही आईसारखी दमलेली दिसते." भावजयीला कुणी निवडायला सांगितलंच नाही. ती म्हणे, मला तिघांची धूळ पुसायला मिळते, तेवढं पुरे.

तिसरा बाईंचा. भरघोस दाढी, कोटाला घड्याळाची साखळी, आणि डोळे असे मायाळू की बघणाऱ्याला आपलं काहीतरी बरं होणार असं वाटावं. आई गेली तेव्हा बाई दुसरीत होत्या. बाबांनी कारखान्यातल्या जाड कापडाचा फ्रॉक स्वतः शिवला, त्याला हत्यारं ठेवता येतील असे खिसे लावले, आणि शाळेतल्या मुलींनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव पोतं ठेवलं. रडत घरी आलेल्या पोरीला बाबांनी टेबलावर उभं केलं. "हा बघ मॅक्सवेल. याची पण आई गेली, आठ वर्षांचा असताना. याचे पण कपडे याच्या बापाने बेतले होते. पोरांनी ते फाडले, याला खुळा म्हणाले. आणि वीज, चुंबक आणि प्रकाश हे सगळं एकाच घरातलं आहे, हे त्या खुळ्यानेच जगाला सांगितलं." नळ्या करून घ्यायला येणारे प्रोफेसर वाट बघता बघता जे बोलत ते बाबांच्या कानात राहत असे. पोरीने नाक पुसलं आणि त्या दाढीवाल्याकडे नीट बघितलं. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी, पगाराच्या पहिल्या दिवशी, आणि ज्या दिवशी कुणाशीच बोलायचं नसे त्या दिवशीही बाई त्याच्याकडे बघत आल्या होत्या.

इतक्या की पाठ्यपुस्तकात मॅक्सवेलचा फोटो आला तेव्हा बाईंनी तो बघून कपाळाला आठ्या घातल्या. हा कोण भलताच? प्रकाशकाला त्यांनी खरमरीत पत्र लिहिलं. उत्तरात आभार आले, दुरुस्ती आली नाही. मग बाईंनी भिंतीवरच्या फोटोच्या छोट्या प्रती काढून घेतल्या आणि दरवर्षी जून उजाडला की पहिल्या तासाला मुलांकडून त्या पुस्तकातल्या फोटोवर चिकटवून घ्यायला लागल्या. कित्येक तुकड्या अशा चिकटवून बाहेर पडल्या. काही जण आता इंजिनियर होते.

धाकट्याने नळी भट्टीत सरकवली, चष्मा कपाळावर घेतला. "ये ताई. काय गं हे, दार आणलंस की काय?"

"दारच समज," बाई म्हणाल्या. "चल वर."

वर जेवणाच्या टेबलाशी कागद सुटला. मॅक्सवेल भिंतीवर होता त्याच्या चौपट झाला होता. साखळीची कडी न् कडी दिसत होती. धाकटा "वा!" म्हणाला. बाबांनी मान डोलावली. भावजयीने हातातली पातेली खाली ठेवली, फोटोकडे बघितलं आणि मग पटकन लेकीकडे बघितलं. भिंगरी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"काय गं, भूत बघितल्यासारखी?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. मोठा झालाय खूप."

"प्रयोगशाळेत मागच्या बाकावरून दिसायला नको? उद्या याच्याखाली उभी राहून मी बोलणार आहे. तू पण ये. माझ्याशेजारी उभी राहा."

"आधी जेवून घेऊ," भावजय घाईने म्हणाली. "भात निवतोय."

बाईंना वाटलं, पोरीला बापाच्या होकाराची धास्ती आहे. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि खुर्ची ओढली.

विषय कुणी काढायचा यात पहिला भात संपला. मग बाईंनीच काढला.

"धाकट्या, उद्या शेवटचा दिवस आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, उद्या संपेल." धाकटा ताटातून मान वर न करता म्हणाला. "ताई, मला खलनायक करू नकोस. हिचे हात बघितलेस तू? मला वीस वर्षं लागली ते ही तीन वर्षांत करायला लागली. सर्पिल नळी फुंकते, एक रेघ वाकडी नाही. माझ्यामागे बर्नर कोण पेटवणार? आणि शिकायला काय तिकडेच जावं लागतं? फॅरडे कुठल्या विद्यापीठात गेला होता?"

"फॅरडेने बांधणीचं दुकान सोडलंच ना, बाबा?" भिंगरी म्हणाली. "ते नसतं सोडलं तर चांगली पुस्तकं बांधून मेला असता."

"बोलायला शिकवलंय आत्याने."

"मी प्रश्न विचारायला शिकवलंय," बाई म्हणाल्या. "उत्तरं तिची ती देते."

"बरं, फॅरडे राहू दे." धाकट्याने आता मान वर केली. त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊ झाला की बाई सावध होत. "तुझंच बघ ना. तू गेलीस कुठे? याच घरात राहिलीस, मला वाढवलंस, याच गावात शिकवलंस. केवढं नाव झालं! गाव न सोडताही माणूस मोठा होतो, याला तुझ्याइतकं मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. रोज तुझंच उदाहरण देतो मी हिला."

बाबा समाधानाने हसले. त्यांना ऐकू कमी येई, पण लेकीचं कौतुक बरोबर ऐकू येई.

बाईंना बरं वाटलं आणि त्याच क्षणी कुठेतरी टोचलंही. टोचल्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. आता भाषणाची वेळ झाली होती. त्यांनी सांगितलं की मॅक्सवेलची नोकरी गेली होती, दोन कॉलेजं एक झाली आणि त्याला घरी बसवलं. दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला, तिथे त्याच्या शाळासोबत्याला घेतलं. मग गाव सोडून तो दूर गेला, आणि आयुष्यातलं मोठं काम तिथे झालं. "नसता गेला, तर?" त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर या माणसाकडे बघून उभी राहिले, धाकट्या. तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. आज तोच सांगतोय, तिला जाऊ दे."

धाकट्याने बोटांनी ताटाच्या कडेचं शीत उचललं. आईनंतर त्याने कुणाचं ऐकलं असेल तर या बहिणीचं. सगळ्यांना ते माहीत होतं, आणि म्हणून तर बाईंना बोलावलं होतं.

"तू जबाबदारी घेतेस?" शेवटी तो म्हणाला. "तू म्हणत असशील, तर—"

"आत्या," भिंगरी म्हणाली.

"गप बस," भावजय दबक्या आवाजात म्हणाली. "ठरलंय ना आपलं? आधी हे होऊ दे."

"नाही आई. उद्या उशीर होईल." भिंगरी उभी राहिली. "आत्या, हा मॅक्सवेल नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तो हा नव्हे. हा दुसराच माणूस आहे."

तिने मोबाइल पुढे केला. मुलाखतीच्या गावी तिला सर्दी झाली होती. गोळी घ्यायला ती एका जुन्या औषधाच्या दुकानात शिरली आणि गल्ल्याच्या वर बघते तर घरचा मॅक्सवेल. तोच कोट, तीच साखळी, तेच मायाळू डोळे. खाली घरच्या फोटोला नसलेली पट्टी, तिच्यावर भलतंच नाव, आणि नावाखाली पदवी: खोकल्याच्या औषधाचे संस्थापक. दुकानदार म्हणाला, आमचे पणजोबा. पूर्वी जो दुकानदार खूप बाटल्या घेई त्याला फ्रेमसकट फोटो भेट मिळे.

बाईंनी मोबाइल हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फोटो बदलला नाही.

"खोकला," त्या म्हणाल्या.

"खोकला," भिंगरी म्हणाली आणि रडायला लागली.

"बाबा!" बाई वळल्या. "तुम्ही सांगितलंत हा मॅक्सवेल आहे. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबांना प्रश्न दोनदा सांगावा लागला. मग ते जरासुद्धा न ओशाळता म्हणाले, "कुणी कशाला सांगायला हवं? मला तीन फोटो पाहिजे होते, लिलावात तीनच होते. दोघांच्या मागे नावं होती. हा उरला. तू रडत होतीस, मॅक्सवेल पाहिजे होता, आणि याला दाढी होती."

"दाढी होती!"

"मॅक्सवेललाही होती," बाबा म्हणाले. "विचार कुणालाही."

भावजयीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र तुकड्यामागून तुकड्या उभ्या राहिल्या, माना खाली घालून, डिंक लावून, खोकल्याच्या औषधवाल्याला मॅक्सवेलच्या तोंडावर चिकटवणाऱ्या. ते प्रकाशकाचं नम्र उत्तर. ते इंजिनियर. त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले. त्या उठल्या, कुणाला काही न बोलता जिना उतरल्या.

मागून धाकट्याचा आवाज आला. "झालं समाधान? जाईन जाईन म्हणत होतीस ना? जिच्या जिवावर जाणार होतीस तिलाच तोंडघशी पाडलंस. आता ताईच नको म्हणेल."

कारखान्यात गॅसचा आणि तापलेल्या विटांचा ओळखीचा वास होता. बाई भिंतीखाली उभ्या राहिल्या. वरून तो माणूस बघत होता, नेहमीसारखाच. बाईंना त्याचा राग यायला हवा होता, पण तो येईना. राग आला तो भिंगरीचा. पोरीला दुसरा दिवस नव्हता? होकार पदरात पडला असता, मग सावकाश, कानात, एकटीला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

जिन्यावर पावलं वाजली. आधी धाकटा आला. बहिणीशी काय बोलावं हे त्याला सुचलं नाही, म्हणून त्याने सवयीप्रमाणे बर्नर पेटवला, चष्मा ओढला आणि नळी ज्योतीत धरली. त्याच्यामागून भिंगरी आली आणि पायरीवरच उभी राहिली.

"कधी कळलं तुला?" बाईंनी मागे न वळता विचारलं.

"मुलाखतीच्या गावीच. महिना झाला."

"आणि महिनाभर गप्प होतीस."

"आईशी ठरलं होतं. जायचं नक्की झालं की मग सांगायचं. मला पटलं होतं ते. पण आज तू एवढा मोठा करून आणलास. आणि म्हणालीस, तो कधी खोटं बोलला नाही." भिंगरीने नाक पुसलं. "त्याच्या नावावर मी कशी जाऊ, आत्या? उद्या तू सगळ्या शाळेपुढे त्याच्याखाली उभी राहणार, आणि मी शेजारी, सगळं माहीत असून."

"बापाचा होकार येत होता. तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

"तो होकार हातचा गेला असता."

"गेलाच बहुतेक," भिंगरी म्हणाली.

धाकट्याचे हात फिरत होते. काच नारिंगी झाली होती. त्याला सगळं ऐकू येत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता.

बाई वळल्या. पोरीचं नाक लाल झालं होतं, पदवीधर मुलगी नव्हे तर पायरीवरून पडलेलं पोर दिसत होती. शाळेत बाईंनी हजारदा सांगितलं होतं, प्रयोगात जे दिसतं ते लिहा, यायला हवं ते नव्हे. मुलं माना डोलावत आणि शेजाऱ्याच्या वहीत बघून यायला हवं ते लिहीत. आणि इथे ही, सगळं पणाला लागलेलं असताना, जे दिसलं तेच बोलून मोकळी झाली होती. बाईंचा राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. त्याच्या जागी एकदम, अनावर, हसू आलं.

"आत्या?"

"लाल रंग," बाई हसत म्हणाल्या. "अगं, लाल रंग नव्हताच!"

"काय झालं तुला?"

"मॅक्सवेलने पहिलं रंगीत छायाचित्र दाखवलं, ते माहीत आहे ना तुला? रंगीत फितीचं. तेव्हा छायाचित्र काचेवर उमटवत. अशा तीन काचा. एक लाल गाळणीतून काढलेली, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्हींतून त्याच गाळण्या लावून पडद्यावर एकाच जागी प्रकाश टाकला आणि फीत रंगांत दिसली. लोक चकित झाले. आणि पुढे शंभर वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या काळच्या काचेवर लाल उमटणं शक्यच नव्हतं! त्या काचांना लाल दिसतच नव्हता."

"मग उमटलं काय?"

"जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश. डोळ्यांना दिसत नाही तो. लाल गाळणीतून तो निसटला, आणि फितीतल्या लाल रंगावरून तोही परततो, म्हणून नेमका लालच्या जागी उमटला. म्हणजे लाल काचेवर लाल नव्हताच. भलताच कुणीतरी त्याच्या जागी येऊन बसला होता." बाईंनी डोळे पुसले. "पण तीन रंगांतून सगळे रंग होतात, ही त्याची गोष्ट खरीच होती. आजही खरी आहे. तुझ्या त्या मोबाइलमध्येसुद्धा."

भिंगरी बघत राहिली. मग तिचेही ओठ हलले. "म्हणजे हा खोकलेवाला—"

"बसला असेल मॅक्सवेलच्या जागी. पण आई गेलेला मुलगा खरा होता. फाडलेले कपडे खरे होते. ते मी पुढे ग्रंथालयात बसून एकेक ताडून बघितलंय, तिथे बाबांची दाढी चालली नसती. मी उभी राहिले ती त्याच्यावर. डोळे याचे होते, हे खरं. बरे होते डोळे." त्यांनी वर बघितलं. "उद्या दोघांनाही लावते. खऱ्या मॅक्सवेलला आणि याला, शेजारी शेजारी. आणि मुलांना सगळं सांगते, चिकटवण्यासकट. हसू देत."

"हसतील खूप."

"हसतील आणि विसरणार नाहीत. माझ्या कुठल्या तासाचं असं झालंय?"

धाकट्याने काच ज्योतीबाहेर काढली, भट्टीचं दार उघडून आत ठेवली, दार लावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवायला त्याने नको इतका वेळ घेतला.

"ताई," तो म्हणाला, "तुला राग नाही आला हिचा?"

"आला होता. गेला." बाई स्टुलावर बसल्या. "धाकट्या, ही जाईल. जबाबदारी मी घेते, मॅक्सवेल नाही. जी मुलगी स्वतःचं नुकसान होत असताना दिसलं ते सांगते, तिला इथे ठेवून तू नळ्या फुंकायला लावलंस तर चांगल्या नळ्या होतील, मला शंका नाही. पण मला ते बघवणार नाही."

"आणि माझा बर्नर?"

"त्याचं दुःख आहे मला. खरंच आहे. आपल्या बाबांनी पेटवलेला आहे तो. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही."

बाईंना वाटलं इथे थांबावं. पण जेवताना जे टोचलं होतं ते आता बोलून टाकायलाच हवं होतं.

"आणि आणखी एक. माझं उदाहरण देत जाऊ नकोस हिला. मी इथे राहिले, तुला वाढवलं, त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. तू माझं पोरच आहेस. पण मी काही मोठी होण्यासाठी राहिले नव्हते. मला जायचं होतं, धाकट्या. जागा मिळाली होती. तू शाळेत होतास, बाबा एकटे होते, आणि जाऊ का असं मी विचारलं नाही, जा असं कुणी म्हटलं नाही. एवढंच झालं. त्याचं काही मोठं करून हिच्या गळ्यात बांधू नकोस."

भावजय जिन्यावर येऊन उभी राहिली होती. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

धाकट्याने स्टूल ओढलं आणि बहिणीच्या समोर बसला. त्याचा चेहरा असा झाला होता की बाईंना तो दप्तर हरवून आलेला मुलगा आठवला. त्याने विचारलं,

"कुठे जायचं होतं तुला?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आपण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

"डोंगरावर एक वेधशाळा आहे. तिथे ताऱ्यांचा प्रकाश काचेवर उतरवून घेत. त्या काचा वाचायला माणूस हवा होता. पत्रातच लिहिलं होतं त्यांनी, इथे थंडी फार आणि माणसं कमी. मला दोन्ही चालणार होतं."

"आहे का ती अजून?"

"आहे. आता लोकांना बघायलाही सोडतात."

धाकट्याने लेकीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे बघून घसा खाकरला.

"हिला सोडायला जायचंच आहे," तो म्हणाला. "वाटेत लागते का?"

भिंगरीने आईचा हात घट्ट धरला. बाईंनी भिंतीवरच्या दाढीवाल्याकडे एकदा बघितलं.

"वाटेत नाही लागत," त्या म्हणाल्या. "बरीच वाट वाकडी करावी लागेल."

"करू," धाकटा म्हणाला.